डेक्लनच्या यादीतली रिकामी जागा

आमच्या जुन्या कारखान्यातल्या लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बहुतेक सगळे निवृत्त. कोणी आपल्या गावी, कोणी कोचीला, कोणी माझ्यासारखे अजून इथेच, शारजात मुलाच्या व्हिसावर. गेल्या फेब्रुवारीत त्यावर एक ओळ आली: "डेक्लन एक्स्पायर्ड इन आयर्लंड." तासाभरात तीसेक जोडलेले हात जमा झाले. एकाने लिहिलं, "माणूस सोन्यासारखा, पण पॉलिटिक्सनं वाट लावली त्याची." त्यालाही अंगठे आले. मीही हात जोडले आणि फोन उपडा ठेवला.

ते पॉलिटिक्सचं वाक्य माझं आहे. अठरा वर्षांपूर्वी मीच ते कारखान्यात फिरवलं आणि ते अजून चालतंय. डेक्लनची नोकरी राजकारणाने गेली नाही, माझ्या एका सहीने आणि एका शब्दाने गेली. आता मी बहात्तरचा आहे. माझ्यामागे हे सांगणारं कोणी उरणार नाही, म्हणून लिहितो आहे. पण आधी तो माणूस कसा होता ते सांगायला हवं. नाहीतर तो माझ्या अपराधातलं एक पात्र होऊन बसेल, आणि तेवढाच काही तो नव्हता.

रास अल खैमात आमचा टाइल्सचा कारखाना होता. मी टाइम ऑफिसात होतो. साडेसहाशे माणसांची कार्डं, त्यांचं 'इन', त्यांचं 'आउट', त्यांच्या रजा. डेक्लन भट्ट्यांच्या देखभालीचा इंजिनियर म्हणून आला तेव्हा पन्नाशीला टेकलेला होता. उंच, खांद्यात वाकलेला. गोऱ्या माणसाची मान उन्हात लाल होते, त्याची कायमची विटेसारखी झाली होती. पहिल्या दिवशी तो टाइम ऑफिसात आला आणि मी सवयीने उभा राहून "गुड मॉर्निंग, सर" म्हणालो. तो मागे वळून बघायला लागला. म्हणाला, "कोण आलंय?"

तो इंग्रजीत बोलायचा, तेही असं की पहिले दोन महिने मला निम्मं कळत नव्हतं. इथे मी ते मराठीत लिहितो आहे. कामगारांशी मात्र त्याने स्वतःची एक हिंदी बनवली होती. "हम साहब नहीं. हम डेक्लन. तुम पूरा नाम बोलो." पूरा नाम हा त्याचा हट्ट होता. आमच्याकडे माणसं नंबराने ओळखली जायची. चारशे बारा, दोनशे सात. डेक्लनने नंबर घेतलाच नाही. नाव विचारायचा, गाव विचारायचा आणि नीट जमेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचा. वेंकटेश्वरलू नावाच्या एका हेल्परचं नाव जमवायला त्याला आठवडा लागला. सगळी भट्टी हसायची. आठव्या दिवशी त्याने ते अचूक म्हटलं आणि हेल्परनेच टाळ्या वाजवल्या.

चहा तो स्वतः करायचा, डांबरासारखा, वर चमचाभर दूध. आमच्या चहाला तो 'सूप' म्हणायचा आणि दिवसातून तीन वेळा ते सूप प्यायचा. समोर कोणी उभं असेल तर तो बसत नसे. त्यामुळे त्याच्या केबिनमधली मीटिंग पाच मिनिटांत संपायची. मॅनेजर म्हणायचा, "हा माणूस खुर्चीचं भाडं वाचवतो."

मी एकदा त्याला चिडवलं. "तू समाजवादी म्हणवतोस, मग इथे शेखांच्या मुलखात काय करतोस?"

"तू करतोस तेच. घरचं छप्पर गळतंय," तो म्हणाला. "आणि मालक कुठे नसतो, वसंत? पत्ता दे, उद्या जातो."

पहिल्या वर्षीच्या ईस्टरची गोष्ट. रविवार होता, आणि तेव्हा इथे रविवार कामाचा असे. जेवणाच्या सुट्टीत मला एका कागदावर त्याची सही हवी होती. कोणी म्हणालं, मातीच्या सायलोंमागे, त्या उंच टाक्यांमागे बघा. तिथे तो एकटा, टोपी काढून, एप्रिलच्या उन्हात उभा होता. खिशावर कागदाचं एक पांढरं लिलीचं फूल टाचलेलं, हातात वही. तो मोठ्याने नावं वाचत होता. मला वाटलं, प्रार्थना चालली असेल. मी चपला काढायच्या बेतात होतो.

"प्रार्थना नाही," वाचून झाल्यावर तो म्हणाला. "हजेरी. तुझंच काम करतोय."

मग त्याने सांगितलं. त्यांच्याकडे ईस्टरला, असं फूल लावून, देशासाठी गेलेल्यांची नावं थडग्यांपाशी वाचायची रीत आहे. तो बेलफास्टचा. आयर्लंडचा तो वरचा तुकडा अजून इंग्रजांच्या राज्यात. सगळं बेट एक प्रजासत्ताक व्हावं, आणि त्या प्रजासत्ताकात गिरणी, गोदी, जमीन राबणाऱ्याची असावी, असं मानणाऱ्यांतला तो होता. दोन्ही गोष्टी, एक सोडून दुसरी नाही. "माझ्या आजोबाच्या गावचा इंग्रज जमीनदार गेला," तो म्हणाला. "त्याच्या जागी आला तो आमच्याच बोलीत शिव्या द्यायचा. आजोबा म्हणायचे, एवढाच फायदा झाला, शिव्या समजायला लागल्या."

त्याच्या यादीची एक रीत होती. ती त्याच्या घराण्याची. बाकीचे लोक ती पाळत नसत. नाव, गाव, आणि कसा गेला. तिसरी गोष्ट लिहायला दोन माणसांनी सांगावं लागे. "आमच्या मेलेल्यांबद्दल सरकारी कागद इतकं खोटं बोलले," तो म्हणायचा, "की आपण तरी बोलायचं नाही. एकाने सांगितलं तर ती बातमी. दोघांनी सांगितलं तर यादीत."

आणखी एक. त्याचा थोरला भाऊ बंदूक घेऊन गेला होता आणि परत आला तो पेटीत. भाऊ यादीत होता. पण पावाची गाडी चालवणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगाही होता, त्याला डेक्लनच्याच बाजूच्या लोकांनी मारलं होतं. डेक्लनने तेही लिहिलं होतं, 'आपल्या गोळीने'. त्यावरून त्याच्या लोकांनी त्याला भाषणाला बोलावणं बंद केलं. मी विचारलं, "मग कशाला ठेवलंस ते नाव?" तो म्हणाला, "सोयीचेच मेलेले मोजायचे असतील तर मॅनेजर आणि माझ्यात फरक काय?"

त्या दिवशी त्याने मला विचारलं, तुझे वडील काय करायचे. मी सगळ्यांना सांगायचो, "टेक्स्टाइल लाइनमध्ये होते." त्यालाही तेच सांगितलं. तो बघत राहिला. शेवटी मी म्हणालो, "गिरणीत. परळला. साचे चालवायचे." आणि का कोण जाणे, पुढे म्हणालो, "लाल झेंडा होता त्यांचा. संपात नोकरी गेली."

तो इतका खूश झाला की त्याने मला सूप पाजलं. त्याची आई लिननच्या गिरणीत होती. जमीन कायम ओली, म्हणून बाया अनवाणी उभ्या राहायच्या. "म्हणजे आपण चुलतभाऊच," तो म्हणाला. मी हसलो. मनात म्हणालो, नको रे बाबा. वडिलांच्या त्या झेंड्यापासून सुटायलाच मी समुद्र ओलांडला होता.

तिसऱ्या वर्षापर्यंत सायलोंमागे डेक्लन एकटा राहिला नव्हता. दहा-बारा जण यायचे. त्याने कोणाला बोलावलं नव्हतं. पण तो नावं वाचतो म्हटल्यावर माणसं आपापली नावं घेऊन आली. एकाचा बाप खाणीत गेलेला, एकाचा भाऊ सौदीत मचाणावरून पडलेला. प्रत्येक जण आपलं नाव म्हणायचा, गाव म्हणायचा. शेवटी डेक्लन आपल्या हिंदीत म्हणायचा, "याद किया, घर गया, तो वो सिर्फ कब्र को पेंट किया. कल काम पे क्या बदलेगा, बोलो." मग कोणी म्हणे, पाण्याचा कूलर. कोणी म्हणे, हातमोजे. आणि दुसऱ्या दिवशी डेक्लन मॅनेजरच्या टेबलासमोर उभा. कूलर आला. हातमोजेही आले.

त्या घोळक्यात दत्ता माने असायचा. निलंग्याकडचा, वेल्डर, तिशीचा. कारखान्यात आम्ही दोघंच मराठी. मला काका म्हणायचा. गावाहून आला की माझ्या घरी शेंगदाण्याची चटणी पोचती करायचा आणि दारातूनच जायचा. "काकू, चपला मळल्यात," म्हणायचा. बायको ओरडायची, "अरे, फरशी धुता येते!" तरी आत यायचा नाही.

जुलै आला. उन्हाळ्यात इथे साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते. त्या दिवशी दोन नंबर भट्टीचा छपरावरचा डक्ट, गरम हवेचा मोठा पाइप, उचकला. मॅनेजरने फोन करून सांगितलं, एक वेल्डर वर पाठवा, भट्टी थांबवायची नाही. दत्ता जेवणाच्या रांगेत होता. सुपरवायझरने त्याला उठवलं. वर जाण्याआधी तो माझ्या खिडकीशी आला.

हे मी अठरा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, "काका, आता सुट्टीचा टाइम आहे ना? चढायचं का? पत्रा लई तापलाय." माझ्याशी बोलायचं कारण एवढंच की मला नियम माहीत होता. मी फक्त 'नको' म्हणालो असतो तर तो चढला नसता. मी म्हणालो, "जाऊन ये पटकन. साहेबांचा मूड खराब आहे आज." तो म्हणाला, "बरं, काका."

पावणेतीनला, छपरावर उन्हाने कोसळलेल्या दत्ताला खाली आणलं. खाली घेणाऱ्यांत डेक्लन होता. तो एक नंबरवरून धावत आला होता. दत्ता तेव्हाच गेलेला होता.

आमच्याकडे मॅन्युअल आउट नावाचा प्रकार असे. कार्ड पंच करायला कोणी विसरला तर टाइमकीपर लाल शाईने वेळ लिहून सही करायचा. रोजचं काम, मी तशा हजारो सह्या केल्या असतील. साडेचारला मॅनेजरने मला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "माने बारा वीसला कॅम्पवर गेला. तब्येत बरी नव्हती. कार्ड पूर्ण कर." माझं काँट्रॅक्ट त्या महिन्यात रिन्यू व्हायचं होतं, मुलगा बारावीला होता. ही कारणं खरी आहेत, आणि पुरेशी नाहीत. मी लाल पेन उघडलं, १२.२० लिहिलं, सही केली. दत्ता कागदोपत्री कॅम्पमध्ये, कामगारांच्या राहण्याच्या जागी, पलंगावर, नैसर्गिकरीत्या गेला.

त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोचा, संगीताचा फोन मलाच आला. मराठी बोलणारा दुसरा कोण होता? "काका, कसे गेले ओ?" मी म्हणालो, "झोपेत गेला गं. काही त्रास झाला नाही."

डेक्लन गप्प बसणारा नव्हता. त्याने कामगार खात्यात लेखी तक्रार दिली. दोन अधिकारी आले, सभ्य माणसं. त्यांनी कार्ड मागितलं. खोलीत मॅनेजर, डेक्लन आणि मी. अधिकाऱ्याने विचारलं, "ही सही तुमची? हा माणूस बारा वीसला बाहेर पडला?"

दत्ताला खाली घेणारे बाकीचे नोकरीच्या भीतीने बोलायला तयार नव्हते. आदल्या दिवशी डेक्लन माझ्याकडे आला होता. एवढंच म्हणाला होता, "मी एक आहे. दुसरा तू. तू बोललास की झालं."

मी म्हणालो, "येस, सर."

डेक्लनने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं नाव नीट ऐकू आलं नाही की तो जसा बघायचा, तसा.

अधिकारी आणि डेक्लन गेल्यावर मॅनेजरने मला थांबवून घेतलं. "हा सायलोंमागे लोकांना घेऊन काय करतो?" मी सांगू शकलो असतो, मेलेल्यांची नावं वाचतो. ते खरं होतं आणि निरुपद्रवी होतं. मी म्हणालो, "मीटिंग." इथे कामगारांच्या सभांना बंदी; त्या एका शब्दात सगळं आलं. पंधरा दिवसांत डेक्लनचा व्हिसा कॅन्सल झाला, आणि मी सीनियर टाइमकीपर झालो. कँटीनमध्ये कोणी हळहळला की मी म्हणायचो, "काय करणार, पॉलिटिक्स."

यंदा मार्चमध्ये डेक्लनच्या भाचीची मेल आली. ग्रुपमधल्या कोणीतरी तिला माझा पत्ता दिला होता. ती आता मामाची यादी सांभाळते, ईस्टरला ती वाचणार आहे. तिने लिहिलं होतं: "यादीतलं शेवटचं नाव दत्ता माने, निलंगा. 'कसा गेला' ही जागा रिकामी आहे. मामा दरवर्षी ते नाव वाचून तिथे थांबायचा. अख्खं मिनिट. लोक चुळबुळ करायचे. मी एकदा म्हटलं, तुला माहीत आहे ना, लिहून टाक की. तो म्हणाला, मी एकटाच आहे, दुसरा माणूस अजून बोललेला नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?"

अठरा वर्षं. त्याने स्वतः दत्ताला खाली उतरवलं होतं, पण आपली रीत मोडली नाही. आणि माझं नाव तिला सांगितलं नव्हतं. मेलच्या सुरावरून ते कळत होतं.

मी निखिलला, मुलाला सांगितलं. तो अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता.

"बाबा, व्हाय नाऊ? ती कंपनी पण बंद झाली. खलास."

"माणूस तर मेला ना त्यात."

"तुम्ही माझ्या व्हिसावर आहात. काही उलटसुलट झालं तर आय हॅव टू आन्सर. तुमचं वय बघा."

"वय बघूनच म्हणतोय."

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "माझ्या बारावीसाठी केलं असं कृपा करून लिहू नका. आय डोन्ट वॉन्ट दॅट ऑन मी." त्याचं बरोबर होतं. वर ते कारण लिहिलं आहे कारण ते तेव्हा माझ्या मनात होतं; ओझं त्याचं नाही.

भाचीला लिहिण्याआधी निलंग्याला फोन करणं भाग होतं. नंबर मिळायला चार दिवस गेले. संगीता आता अंगणवाडीत आहे. मी सगळं सांगितलं. खिडकीशी काय बोललो तेसुद्धा. पलीकडचा टीव्हीचा आवाज थांबला. मला वाटलं फोन कटला.

"आहेस का गं?"

"आहे. पेटी उघडली तेव्हा मी त्यांचे हात बघितले होते, काका," ती म्हणाली. "दोन्ही तळवे भाजलेले. झोपेत कोणाचे तळवे भाजतात?"

"तू तेव्हा विचारलं का नाहीस?"

"कोणाला विचारायचं? तुम्हालाच ना?" मग म्हणाली, "सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, देवानं पोराला झोपेत नेलं. त्यांच्यासाठी गप बसले. आता त्या नाहीत. पोरगी लातूरला कॉलेजात आहे. तिच्यासाठी लिहून पाठवा. सहीनिशी. तुमच्या नुसत्या बोलण्यावर माझा भरवसा नाही."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "आधी लिहून पाठवा." आणि फोन ठेवला.

मी लिहिलं. एक प्रत निलंग्याला, एक भाचीला, एक इथल्या कामगार खात्यात नेऊन दिली. काउंटरवरच्या मुलीने तारीख बघून दोनदा विचारलं, "अंकल, हे आत्ताचं आहे का?" मी म्हणालो, सही आत्ताची आहे. तिने शिक्का मारून घेतलं. पुढे काय होतं ते बघू.

ईस्टरला भाचीने व्हिडिओ कॉल लावला. कुठल्याशा टेकडीवरचं कब्रस्तान, वारा, तीस-चाळीस माणसं. शेवटची ओळ तिने मला वाचायला सांगितली. मी वाचली: दत्ता माने, निलंगा, बंदीच्या वेळेत तापलेल्या छपरावर चढवला गेल्याने. "चढवणाऱ्यांत मी होतो," असंही म्हणालो. ते यादीत नव्हतं, पण सुटायला नको होतं. तिकडे एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

आता शुक्रवारी मी अजमानच्या एका कॅम्पवर जातो. कोणाला काही लागलं, कोणी पडलं, तर किती वाजता, कोणी पाठवलं, हे ज्याचं त्याला विचारून लिहून देतो, दोघांच्या सह्या घेऊन. वेळ लिहिणं हे एकच काम मला येतं. डेक्लनला एवढंही पुरेसं वाटलं नसतं. त्याने विचारलं असतं, उद्या काय बदलणार?

त्याला शेवटचं पाहिलं ते ऑगस्टमध्ये, चारची शिफ्ट सुटताना. व्हिसाची कामं करणारा मंदूब त्याला एअरपोर्टवर न्यायला गाडी घेऊन आला होता. स्टाफला बाहेर जायला वेगळं दार होतं. डेक्लन तिकडे गेला नाही, कामगारांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला. पुढच्यांनी त्याला वाट करून दिली तर त्याने मान हलवली. आपला नंबर आल्यावर कार्ड पंच केलं आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं.

"दत्ताच्या बायकोला फोन केलास?"

"तिचाच आला होता."

"काय सांगितलंस?"

मी रजिस्टर उघडलं. पान उलटलं. तो खिडकीच्या फळीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. मागे मंदूब म्हणाला, "यल्ला, मिस्टर डेक्लन."

"मी थांबतो," डेक्लन म्हणाला. मंदूबला नाही, मला.

मी वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने फळीवरचे हात गेले. मी डोकं वर केलं तेव्हा तो गाडीपाशी पोचला होता. मंदूबने दार उघडून धरलं होतं. पण तो बसत नव्हता. टोपी हातात घेऊन, त्या उन्हात, तो माझ्या खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मी पट्ट्यांचा पडदा खाली सोडला. गाडी सुरू झाल्याचा आवाज मात्र कितीतरी वेळ आला नाही.